आईने ओळखलेले गुपित

परदेशातल्या ॲडम्सटाउनच्या अंधारलेल्या डिसेंबरला विटून सलील-अश्लेषाने कालच, कसलाही विचार न करता, थायलंडची तिकिटे काढली होती. अकोल्यातल्या आईला मात्र सलीलने गेल्याच आठवड्यात कळवले होते, “यंदा रजा नाही.” आज व्हिडिओ कॉलवर दोन वर्षांची अनुया कमरेभोवती पोहायची ट्यूब घालून नाचली: “आजी, बिग प्लेन! टुमॉरो!” अश्लेषाने तिला घाईने बाजूला ओढले, पण आईचा चेहरा उजळला होता. “लबाडांनो, न सांगता येऊन दारात उभे राहणार होतात होय!” “आई, ऐक ना…” सलील म्हणू लागला. “नंतर ऐकते. आधी बाबांची खाट पुढच्या खोलीत घेते. त्यांना आता उठता येत नाही. पडल्यापडल्या नात दिसायला हवी.” फोन टेबलावर उताणा ठेवून ती गेली. पडद्यावर छताचा बंद पंखा तेवढा उरला, आणि फरशीवरून खाट ओढली जाण्याचा आवाज थांबत थांबत येत राहिला.