डोरीनचं खोकं

नॅशव्हिलच्या स्टुडिओत फोटोग्राफर ताटकळला होता. चर्चमधून तीस वर्षं गाणाऱ्या चौघींच्या गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड निघणार होती, पण कव्हरवर तिघीच हव्या होत्या. चौथीने, डोरीनने, मारकुट्या नवऱ्याला सोडलं होतं. “घटस्फोटितेचं तोंड दिसलं, तर चर्चवाले रेकॉर्डला हात लावणार नाहीत,” कंपनीच्या माणसाने बजावलं. “आवाज बरा चालतो तिचा,” थोरली वर्ना म्हणाली. “आवाज कुठे दिसतो?” तो म्हणाला. वर्ना गाडीतून सोड्याच्या बाटल्यांचं लाकडी खोकं घेऊन आली. बुटकी डोरीन त्यावर चढली, की चौघींची तोंडं एका माइकपाशी जुळायची. वर्नाने ते डोरीनच्या जागी मधोमध ठेवलं आणि तिघी आपापल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. “सिस्टर, खोकं हटवा,” फोटोग्राफर म्हणाला. “खोकं हलणार नाही.” “लोक विचारतील, हे कुणाचं?” कंपनीवाला खेकसला. “विचारू देत की.” वर्नाने हनुवटी वर केली. “त्यासाठीच तर ठेवलंय.”