न्हाणीघर

"थांबा! कुदळ खाली ठेवा!" पुरातत्त्व खात्याची तरुण अधिकारी ओरडली आणि स्टामातियाने कपाळावर हात मारून घेतला. ग्रीसच्या डोंगरातल्या त्या टीचभर गावात जमीन जरा उकरली की काहीतरी पुरातन वर येई. मागे विहीर खणताना देवळाचा खांब निघाला आणि काम कायमचं बंद पडलं. आता अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला अंगणापलीकडच्या जुन्या न्हाणीच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून तिने घराला लागूनच न्हाणीघर बांधायला घेतलं, तर तिथे हे दगडी कुंड!

"आजी, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं न्हाणीघर आहे!" अधिकारी हरखून म्हणाली. "आता इथे बांधकाम नाही करता येणार."

"म्हणजे त्यांनी इथे खुशाल आंघोळी करायच्या आणि माझ्या थानासिसने पारोसं बसायचं? त्यांना बरी मिळाली गं परवानगी!"

अधिकारी ओशाळली. कुंडाभोवती दोरी बांधून निघून गेली.

संध्याकाळी विसरलेली छत्री न्यायला ती परतली, तेव्हा दोरी सुटलेली होती. कुंडात स्टुलावर थानासिस उघड्या अंगाने डोळे मिटून बसला होता आणि स्टामातिया त्याच्या पाठीवर कढत पाणी ओतत होती.

"काही फुटलंबिटलं नाही," ती मागे न वळताच खेकसली. "नियम सांगायचे असतील तर उद्या सांग."

अधिकारी पुढे आली. दारातल्या खुर्चीवरचा टॉवेल तिने उचलला आणि म्हाताऱ्याची आंघोळ उरकेपर्यंत तो हातात धरून उभी राहिली.