खंडेनवमीचं तेल

गोदाने वाटीतलं तेल रुळावर ओतलं, तेव्हा राघोच्या ओठांवर शब्द आला होता. तो त्याने गिळला.

कल्याण स्टेशनातल्या रूळ बसवणाऱ्या टोळीचा तो मुकादम. रुळावर तेलाचा थेंब सांडता कामा नये, चाकं घसरतात, हे बावीस वर्षं तो इतरांना दरडावून सांगत आलेला. पण आज खंडेनवमी. टोळीचे हातोडे, पहारी धुऊनपुसून घोंगडीवर मांडलेल्या, वर झेंडूची फुलं. वर्षातला हा एकच दिवस हत्यारांना विश्रांतीचा. आज त्यांना कामाला लावायचं नाही. हत्यारं पुजून झाल्यावर बायका फलाटाला लागलेल्या गाडीकडे वळल्या. इंजिनाला हार घातला, चाकांपुढच्या दोन्ही रुळांना हळदकुंकू वाहिलं, आणि मग गोदा वाटी घेऊन पुढे झाली.

"याच्यावर आपलं पोट हाय," ती म्हणाली. "त्याला कोरडा कसा ठेवू?"

सणाच्या दिवशी बायकोला नको म्हणणं राघोच्या जिवावर आलं. खरं तर अलीकडे त्याला कुणालाच काही म्हणायचा कंटाळा आला होता.

शिवाय घाई होती. पूजा आटोपली की दोघं मोहन्याला लेकीकडे जाणार होती. लेक बाळंत होऊन दीड महिना झाला, पण नातवाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. कुंची, खारका, डिंकाचे लाडू असं सगळं बांधलेलं बोचकं गोदाने सकाळपासून काखेतून खाली ठेवलं नव्हतं. उद्यापासून राघोला पुन्हा रजा नाही. गेलं तर आजच.

शिट्टी झाली. गोऱ्या ड्रायव्हरने वाफ सोडली, आणि चाकं जागच्या जागी गरगरा फिरली. गाडी तसूभरही हलली नाही. रुळांतून ठिणग्या उडाल्या, जळक्या तेलाचा निळा धूर फलाटभर पसरला. बायकापोरं आधी दचकली, मग टाळ्या पिटायला लागली. "नाचलं! इंजिन नाचलं!"

टाळ्या ऐकून ड्रायव्हर साहेब खूश झाला. त्याने टोपी हलवली आणि पुन्हा वाफ सोडली. मग आणखी एकदा, चांगली लांबवून. राघो मात्र डोळे मिटून उभा होता. लोखंड जळल्याचा वास त्याला डोळे मिटूनही ओळखता येत होता.

शेवटी ठाण्याचा सिल्वेस्टर, त्या इंजिनावर कोळसा घालणारा, खाली उतरला. चाकांपुढे वाळू टाकता टाकता त्याने रुळाला बोट लावून पाहिलं.

"राघो, तेल?" तो हळूच म्हणाला. "तू असून?"

"सण हाय, बाबा."

सिल्वेस्टरने आणखी मूठभर वाळू टाकली. वरून साहेबाने काहीतरी विचारलं, तेव्हा तो बोट पुसत म्हणाला, "पानी, साब. नारियल का पानी."

गाडी गेली. राघो रुळाजवळ उकिडवा बसला. दोन्ही रुळांवर अंगठा बसेल एवढे निळसर खळगे पडले होते, अजून गरम होते. एक बाजू झिजली की रूळ उपसून उलटा बसवायचा, अशी तेव्हा रीत होती. पण हे दोन्ही त्याने गेल्या शिमग्यालाच उलटे केलेले. आता उलटायला बाजू उरली नव्हती. गोदामातून नवे आणायचे, खांद्यावरून वाहायचे, म्हणजे दिवस मावळणार.

गप्प राहिला असता तर उद्यापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. मोहन्याची वाट समोर दिसत होती. पण रात्री माणसांनी भरलेली गाडी याच रुळांवरून जायची होती.

तो उठला. गुडघे धरून, दोन दमांत उठला.

"काळुराम, हत्यारं उचला."

काळुराम त्याच्या टोळीतला सगळ्यांत जुना गडी. तो जागचा हलला नाही. "आज? मुकादम, पाप लागंल."

"लागलं तर मला लागंल. उचला."

राघोने आपला हातोडा घेतला. दांड्यावरचं ओलं कुंकू तळव्याच्या घट्ट्यांना लागलं. फुलं त्याने निवडून बाजूला ठेवली. त्याला वाईट वाटलं. नातवाचं वाटलं त्याहून थोडं कमी, एवढंच.

गोदा बोचकं घेऊन जवळ आली. तिचा चेहरा अजून फुललेला होता.

"काय झालं? निघायचं ना?"

"रूळ झिजलंत. बदलाया लागतील."

"मंग?"

"मंग नाय जमायचं आज."

गोदाने बोचकं खाली ठेवलं, त्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. मग तिला काहीतरी आठवलं, आणि ती थोडी हसली.

"पन इंजिन कसं नाचलं, बगितलं ना? पूजा पावली त्याला. पुढल्या वर्साला दोन वाट्या तेल घालीन."

राघोने तिच्याकडे पाहिलं. तेलानेच रूळ गेले, हे सांगावं असं एकदा वाटलं. मग त्याने हातोडा खांद्यावर घेतला.

"घाल," तो म्हणाला. "पन रुळाला नको. हातोड्याला घाल. तो लई दमलाय."