सरळ रेघ

शाळेच्या मैदानावर तीस वर्षं फक्कीच्या रेघा मारणाऱ्या काकांच्या आतड्यातली गाठ काढली खरी, पण तोवर रोग यकृतापर्यंत पोचला होता. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली संशोधक त्याच गाठीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायची, पेशी ओलांडतात का ते बघायला त्यांच्या थरात सुईने रिकामी रेघ ओढायची. सकाळी बघावं तर पेशी बिनदिक्कत पलीकडे गेलेल्या. “आमची कार्टी थांबली का?” काका रोज विचारायचे. काल तिने पेशींना पसरायला लावणारं जनुक बंद करून रेघ ओढली आणि आज ती जशीच्या तशी. फोटो घेऊन ती धावतच वॉर्डात गेली. “थांबली की!” काका हरखले. “बशीत थांबली, काका.” तिचा आवाज खाली आला. “औषध व्हायला वर्षं लागतील.” काकांनी बरगडीखाली हात ठेवला. मग फोटो परत दिला. “ताई, रेघ वाकडी आलीय. दोरी लावून मारा. पुढच्या माणसाच्या वेळी सरळ हवी.”