नाक टोचलेला नंदीश

गरोदर श्रीदेवीच्या रक्ततपासणीत सिफिलिस निघाला.

"इंजेक्शननं बरं होतं," सिस्टर म्हणाल्या. "पण नवऱ्यालाही सुई घ्यावी लागेल."

"माझ्या नंदीशला काय धाड भरलीया?" सासू गंगम्मा फणकारली. "हिच्याच माहेरचं असंल की."

"तसं नसतं, मावशी. दोघांनी उपचार घेतले नाहीत, तर बाळ पोटातच जाऊ शकतं."

"पोटातच?"

"हो. एकामागून एक जातातही."

गंगम्मा उठून बाहेर गेली. नंदीश उसाच्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता. त्याच्या नाकपुडीला बारीक भोक होतं. गंगम्माची आधीची तीन पोटातच गेली, हा तरी राहावा म्हणून जन्मल्याबरोबर टोचलेलं.

तिनं त्याचा दंड धरला.

"चल आत. तवा सुई तुझ्या नाकाला न्हाय, तुझ्या बापाला टोचायला पायजे हुती."