ओतणारं माणूस

तीन ग्लास. एकसारखे, पातळ काचेचे.

बर्बन म्हणजे मक्याची दारू, मुळातच गोडसर असते. त्यासाठी तिला नावं ठेवू नयेत.

वरच्या मजल्यावर शिंप्याचं मशीन घरघरतं, थांबतं.

ताईचा नवरा घोरतो. ती हे कौतुकानं सांगते.

डोळे मिटून ग्लासांच्या जागा बदलल्या तरी कुठला कुठे गेला हे बोटं विसरत नाहीत.

दुपारपासून तो हेच करत होता. 'खिशाला झेपेल अशी' या त्याच्या सदरासाठी एका स्वस्त बर्बनचा निकाल लावायचा होता, दोन महागड्या बर्बनच्या शेजारी ठेवून. कुठल्या ग्लासात काय आहे हे चाखणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर जीभ आधी किंमत वाचते. इतकी वर्षं ताई स्वयंपाकघरात ओतायची, ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या लावायची आणि ट्रे आणून आदळायची, "घ्या, परीक्षकसाहेब!" पन्नाशी उलटल्यावर ताईनं लग्न केलं. आता स्वतःच ओतायचं आणि स्वतःच ओळखायचं, म्हणजे एकट्यानं लपंडाव खेळणं. सदराचे दोन हप्ते चुकले होते. तिसरा चुकला तर जागा दुसऱ्याला, असं संपादकांनी कळवलं होतं.

त्यानं ताईला फोन लावला.

"अरे, मी काय फोनमधून ओतू? शेजारीपाजारी माणसं नाहीत का?"

होती. तो जिना चढला.

शिंप्यानं दार अर्धंच उघडलं. "मशीनचा आवाज होतोय का?"

"छे छे. जरा खाली येता? दारू ओतायला."

"मी घेत नाही हो."

"म्हणून तर."

शिंपी गळ्यात टेप घेऊनच आला. स्वयंपाकघरात बराच वेळ खुडबुडला. तिन्ही ग्लासांत केसाचाही फरक नव्हता. चिठ्ठ्यांऐवजी त्यानं बुडाला रंगीत दोऱ्याचे तुकडे चिकटवले होते. ट्रे हलकेच ठेवून शिंपी उभाच राहिला.

"बसा ना," तो म्हणाला.

पहिल्या ग्लासात पिंपाचं लाकूडच लाकूड. दारू तोऱ्यात होती. तिसरी घशात गेल्यावर उलटली. मधलीला व्हॅनिलाचा वास, करपायच्या बेतातली साखर. मग काहीच नाही. आली तशी गुपचूप निघून गेली. त्यानं पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा एक घोट जिभेवर घोळवला.

"मधली. फार बोलत नाही, पण भांडतही नाही. कुणाहीबरोबर बसून प्यावी अशी."

शिंप्यानं ग्लास उचलून बूड पाहिलं. "निळा दोरा. स्वस्तातली." मग सहज विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर बसता?"

"पुन्हा एकदा ओताल? खात्री करून घेतो."

"खात्री तर झाली की."

"तरी."

"गिऱ्हाईक येईल हो. नंतर बघू." शिंपी उठला, दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं वर मशीन सुरू झालं.

लग्नाला होकार द्यायच्या आधी ताईनं त्याला दोनदा विचारलं होतं, "जाऊ का रे?" दोन्ही वेळा ग्लासातून नाक न काढता तो म्हणाला होता, "जा की."