कुरकुर

"पुन्हा सुरू झालं तुझं यंत्र," ताई म्हणाली. "पोटात दुखत असल्यासारखं कुरकुरतंय."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. टेबलावर रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर होतं, पाती काढून ठेवलेलं. रिमोटच्या दोन दांड्यांवर अंगठे टेकवून ते बघत होते. पात्यांना कलवणाऱ्या तीन छोट्या मोटरी, त्यांना सर्वो म्हणतात, आता गप्प बसायला हव्या होत्या. त्या बसत नव्हत्या. बारीक थरथरत होत्या.

"करंट पुरत नाही त्यांना," ते म्हणाले. "भारी खादाड आहेत. तिघी एकदम मागायला लागल्या की बॅटरीचा जीव निघतो. हवेत असं झालं तर हेलिकॉप्टर माझं ऐकणंच सोडून देईल. मग दगडासारखं खाली."

"मागच्या रविवारी पडलं ते असंच?"

"असंच."

गेला महिनाभर ते या करंटच्या मागे हात धुऊन लागले होते. बारीक वायरी काढून जाड घातल्या. सर्वोंसाठी वेगळी बॅटरी दिली. एका वाटेनं करंट अडत असेल म्हणून दोन वाटांनी नेला. आज नवा रेग्युलेटर बसवला होता, आधीच्यापेक्षा कितीतरी दणकट. कुरकुर होती तशीच. आणि गंमत म्हणजे, मीटर लावायला रिमोट खाली ठेवला की ती बंद. मीटरचा आकडा जागचा हलत नसे.

"डॉक्टरला बघून दुखणं पळालं म्हणायचं," ताई म्हणाली. "माझ्या दाढेसारखं."

ताई त्यांची मोठी बहीण. तिचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एकात मोतीबिंदू पिकला होता, आणि त्याचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. डॉक्टर हल्ली दवाखान्यात बसून पेशंट तपासायचे तेवढंच. ऑपरेशनं वर्षभर त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरीणबाई करत होत्या. पण ताई हटून बसली होती. "त्या पोरीला मी माझ्या डोळ्याजवळ येऊ देणार नाही. तू करणार असशील तर कर, नाहीतर बसते आंधळी होऊन." आपल्या धाकट्या भावाच्या हाताला यश आहे, हे तिनं आयुष्यभर सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं होतं. डॉक्टरांना नाही म्हणवलं नव्हतं. खरं तर त्यांना बरंच वाटलं होतं.

"चहा घे. गार झाला बघ."

त्यांनी कप उचलला. तो अर्धाच भरलेला होता. हल्ली ते अर्धाच घेत.

"आणि ठेव आता ते. उद्या काम आहे तुला."

"उद्याच्या आधी हे सुटायला हवं, ताई."

"का रे? मला काय हेलिकॉप्टरनं नेणार आहेस दवाखान्यात?"

ते हसले नाहीत. का सुटायला हवं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी पुन्हा दांड्यांवर अंगठे टेकवले. कुरकुर सुरू झाली.

"दे बरं इकडे," ताई म्हणाली. "लहानपणापासून तुझं एक खेळणं कधी दिलं नाहीस मला."

तिनं अंदाजानं हात पुढे केले. डॉक्टरांनी रिमोट तिच्या हातात दिला आणि तिचे अंगठे धरून दांड्यांवर ठेवले. सांधे सुजलेले, वाकडे झालेले अंगठे. तिनं एक दांडी ढकलली. सर्वो फिरले. दांडी मधे आली, तसे तेही मधे आले आणि थांबले.

खोलीत काही आवाज राहिला नाही. ताईचे अंगठे अजून दांड्यांवरच होते.

"झालं की रे नीट!" ती हरखून म्हणाली. "उगाच नाही म्हणत मी, तुझ्या हाताला यश आहे."

डॉक्टर जाड वायरींकडे बघत राहिले. मग बॅटरीकडे. मग त्यांनी हळूच तिच्या अंगठ्यांवर आपले अंगठे ठेवले.

कुरकुर सुरू झाली.

त्यांनी अंगठे उचलले. ती थांबली.

"अगंबाई, परत बिघडलं का?"

"नाही, ताई. बिघाड सापडला." डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "उद्या तुझा डोळा डॉक्टरीणबाई करतील."